फुगण्याआधीचे तास

‘कालपर्यंत ठणठणीत होता हो!’ मलावी ब्लोटने मासा गेला की मालकाचं पहिलं वाक्य हेच असतं. पोट फुगलेलं त्याला शनिवारी दिसतं, रविवारी मासा तळाशी आडवा पडलेला असतो, आणि हा आजार चोवीस तासांचाच असं डोक्यात पक्कं बसतं. मग पुढच्या वेळीही तो पोट फुगायचीच वाट बघतो.

म्हणून हा घटनाक्रम शेवटच्या क्षणापासून मागे मोजलेला आहे. टँक कुणा एकाचा नाही. आफ्रिकन सिक्लिड पाळणाऱ्या घरांत ज्या चुका हमखास होतात, त्या इथे एकाच काचेआड आणल्या आहेत. समजा, ठाण्यातला एक फ्लॅट. हॉलमध्ये चार फुटी टँक, आत साधारण सव्वादोनशे लिटर पाणी, दगडांची रास, टॉप फिल्टर आणि बारा डेमासोनी. घरात बाबा, आई आणि अकरावीतली मुलगी. मुलीला माशांचे व्हिडिओ काढायचा नाद, त्यामुळे वेळा मिनिटांपर्यंत सापडतात. शून्य तास म्हणजे रविवार, पहाटे ५.

उणे २०१ तास : शुक्रवार, रात्री ८

बाबा ऑफिसातून येताना ब्लडवर्मचं फ्रोझन पाकीट घेऊन येतात. मासे तुटून पडतात. मुलगी व्हिडिओ काढते, बाबा आणखी एक वडी टाकतात.

डेमासोनी हा बोटाएवढा मासा, निळ्या अंगावर काळे उभे पट्टे. मलावी सरोवराच्या टांझानियाकडच्या किनाऱ्यावर पोम्बो रॉक्स नावाचे खडक आहेत, तो तिथला. १९९४ साली शास्त्रीय वर्णन झालं आणि बघता बघता तो जगभरच्या टँकांत पोचला. हा ‘म्बुना’ गटातला, म्हणजे खडकांत राहणारा. दिवसभर खडकावरचं शेवाळ खरवडायचं, त्यात अडकलेले बारीक जीव जातील तेवढे पोटात घालायचे, हा त्याचा धंदा. पाला पचायला वेळ लागतो, म्हणून आतडंही शरीराच्या कित्येक पट लांब, पोटात वेटोळं घालून बसलेलं. एवढ्या लांब वाटेवरून अन्न सावकाश सरकतं. चोथा असेल तर ते सरकत राहतं. प्रथिनांनी भरलेला मऊ लगदा रोज आत गेला, तर तो वाटेतच रेंगाळतो आणि सडायला लागतो.

पण एका ब्लडवर्मने मासा मरतो हेही खरं नाही. सरोवरात प्लवकांची गर्दी झाली की हेच म्बुना खडक सोडून वर येतात आणि ते मनसोक्त खातात. बिघडतं ते रोजच्या रोज लग्नाची पंगत बसवल्यावर. या घरात शुक्रवारपासून रोज रात्री पंगत बसते, कारण मासे ‘आवडीने’ खातात. म्बुना काय आवडीने खात नाही? समोर पडेल ते खायचं, उद्या मिळेल न मिळेल, एवढंच त्याला ठाऊक.

उणे १६१ तास : रविवार, दुपारी १२

सुट्टीचा दिवस, म्हणजे टँक धुण्याचा दिवस. आठवड्यातला खरा अपघात या दुपारी घडतो आणि घरात कुणालाही त्याचा पत्ता लागत नाही.

बाबा टॉप फिल्टरमधला काळपट स्पंज काढतात आणि नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत पिळतात. त्या काळपटपणातच जिवाणूंची वसाहत होती. माशांच्या अंगातून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे ते जिवाणू. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते पाणी स्वच्छ ठेवायलाच टाकलेलं असतं, आणि ते आपलं काम चोख करतं. टँकमध्ये टाकायच्या पाण्यात बाबा अँटीक्लोरीनचे थेंब आठवणीने घालतात. स्पंज धुताना मात्र ते आठवत नाही. स्पंज धुवावा टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, तोही दोनदा दाबून सोडून द्यावा.

दगडांच्या मागे मासे दिसत नाहीत अशी आईची तक्रार होती, म्हणून निम्मे दगड बाहेर येतात. आणि दुकानातून तीन नवे मासे येतात : ऑरॅटस, पिवळे-काळे, देखणे, अजून लहान. मोठेपणी हा म्बुनांमधला नामचीन गुंड होतो. नव्या माशांना महिनाभर वेगळं ठेवायचा नियम आहे, पण पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगवून ते थेट आत सोडले जातात. लपायच्या जागा निम्म्या, भांडखोर तिप्पट.

माशालाही ताण येतो, आणि त्याच्याही अंगात कॉर्टिसॉल वाढून प्रतिकारशक्ती खचते. निरोगी सिक्लिडच्या आतड्यातसुद्धा शेपटीसारख्या तंतूंनी पोहणारे एकपेशीय परजीवी थोड्या संख्येने असू शकतात. एरवी ते दबून राहतात. हेक्सामिटा आणि स्पायरोन्यूक्लियस ही नावं पाळणाऱ्यांच्या तोंडी असतात. क्रिप्टोबिया इयुबिलान्स नावाचा आणखी एक आहे, १९८४ साली त्याचं वर्णन झालं. तो आफ्रिकन सिक्लिडच्या जठराच्या भिंतीत गाठी करतो. ब्लोटचं मूळ परजीवी, जिवाणू, आहार की ताण यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. माझ्या मते या चौघांत एकच गुन्हेगार शोधण्यात अर्थ नाही. आहाराने आतडं तुंबतं, ताणाने पहारा ढिला पडतो, आणि आत जो कुणी बसलेला असेल तो वाढतो.

उणे ८१ तास : बुधवार, रात्री ८

व्हिडिओ २३ सेकंदांचा आहे. बारा डेमासोनींपैकी अकरा वर येऊन झडप घालतात. बारावा, शेपटीला किंचित खाच असलेला, मागून येतो, एक दाणा तोंडात घेतो, दोन क्षण चघळतो आणि थुंकतो. पुन्हा घेतो, पुन्हा थुंकतो. मग वळून फिल्टरच्या पाइपामागे जातो.

‘‘बाबा, हा बघ ना, खातोय आणि थुंकतोय.’’

‘‘पोट भरलं असेल अगं त्याचं.’’

या घटनाक्रमातला एकच तास जपून ठेवायचा असेल, तर तो हा. म्बुनाचं पोट कधी भरत नाही. खायला धावून येणारा मासा घास थुंकतो आहे, याचा अर्थ पोटात काहीतरी बिनसलं आहे. अजून तो थोडंतरी गिळू शकतो, आणि औषध पोटात पोचवायचा सगळ्यात चांगला रस्ता खाण्यातूनच जातो. हा रस्ता आणखी फार तर दिवसभर उघडा असतो.

या क्षणी करायचं काम पाच मिनिटांचं आहे. ब्लडवर्म बंद. दोन दिवस सगळ्यांनाच उपास, निरोगी म्बुनाला तो काहीच बाधत नाही. निम्मं पाणी बदलायचं. आणि त्या खाचवाल्यावर नजर ठेवायची. बाबा टीव्ही लावतात.

उणे ६९ तास : गुरुवार, सकाळी ८

दगडाला चिकटलेला पांढरा, दोऱ्यासारखा धागा. मुलीने फोटो काढलाय, पण त्या निळ्या अंगाच्या चमकेसाठी. धागा कडेला आला आहे. तो धागा म्हणजे विष्ठा. आत अन्न नाही, फक्त आतड्याच्या अस्तराचा चिकट स्राव बाहेर येतोय. म्बुनाची विष्ठा खाल्लेल्याच्या रंगाची असते, स्पिरुलिना खाणाऱ्याची हिरवट. असा एखादा पांढरा दोरा कधीतरी दिसला तर घाबरायचं कारण नाही. न खाणाऱ्या माशाच्या मागे तो दिसला तर मात्र आहे.

उणे ५७ तास : गुरुवार, रात्री ८

खाचवाला आज वर येतच नाही. आता बाबांच्याही लक्षात येतं, आणि इथेच या आजाराची सगळ्यात मोठी फसवणूक होते.

‘‘अगं, मादी असणार ती. तोंडात अंडी धरली असतील,’’ बाबा खुशीत सांगतात. आईही येऊन बघून जाते.

मलावीतले हे सिक्लिड अंडी तोंडात उबवतात. मादी अंडी घातल्याबरोबर ती तोंडात गोळा करते, तीन आठवडे जवळपास काही खात नाही, कोपऱ्यात राहते आणि कुणाच्या वाटेला जात नाही. म्हणजे न खाणं, लपणं आणि कळपापासून दूर राहणं ही तीन लक्षणं बाळंतपणाची आणि ब्लोटची अगदी सारखीच. त्यात डेमासोनीचे नर-मादी दिसायलाही जवळजवळ सारखे. अनुभवी माणूसही इथे चकतो, आणि ही चूक गोड असल्यामुळे कुणी तपासायला जात नाही.

ओळखायचं ते हनुवटीवरून. अंडी धरलेल्या मादीचा खालचा जबडा फुगून खाली आलेला असतो, गळ्याखाली पिशवी झालेली दिसते, आणि मधूनमधून ती चूळ भरल्यासारखी अंडी घोळवते. डोळे सावध असतात. जवळ कुणी आलं तर ती चटकन सरकते. ब्लोटचा मासा उदास असतो. हनुवटी सपाट, पंख अंगाशी मिटलेले, रंग मातकट, आणि दुसऱ्याने ढोसलं तरी तो अंगचोरपणाने तिथेच राहतो. मुलीच्या गुरुवारच्या व्हिडिओत हनुवटी स्पष्ट सपाट आहे.

उणे ३३ तास : शुक्रवार, रात्री ८

खाचवाला पृष्ठभागाजवळ, फिल्टरचं पाणी पडतं तिथे. कल्ले भरभर हलतायत. सगळेच मासे थोडे धापा टाकतायत असं आईला वाटतं. बाबा टेस्ट किट काढतात. अमोनिया लिटरला अर्धा मिलिग्रॅम, पीएच ८.२.

रविवारी पिळलेला स्पंज पाच दिवसांनी हिशेब मागतोय. शिवाय दगडांमागे न खाल्लेले ब्लडवर्म सडतायत. साध्या टँकमध्ये अर्ध्या मिलिग्रॅमने इतका गोंधळ झाला नसता, पण आफ्रिकन टँकचं पाणी मुद्दाम क्षारीय ठेवलेलं असतं. अमोनियाचा विषारी, आयन न झालेला भाग पीएचबरोबर झपाट्याने वाढतो. २६ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी असतो, ८.२ ला आठ-नऊ टक्के. किटमधला रंग तोच, विष मात्र पंधरापट.

बाबा तिसरा हिस्सा पाणी बदलतात. या आठवड्यात त्यांनी उचललेलं हे पहिलं बरोबर पाऊल. इतर मासे सावरतात, खाचवाला नाही.

उणे २१ तास : शनिवार, सकाळी ८

पोट फुगलंय. वरून पाहिलं तर दोन्ही बाजूंनी सारखं. घरात धावपळ सुरू होते. पुढे मालकाच्या आठवणीत आजार इथून सुरू होणार आहे.

उणे १६ तास : शनिवार, दुपारी १

दुकानदार फोनवर सांगतो, ‘‘साहेब, मीठ टाका, दोन मुठी. ठीक होऊन जाईल.’’ मीठ टँकमध्ये पडतं, तेही थेट, न विरघळवता.

व्हाइट स्पॉटवर मीठ चालतं, म्हणून प्रत्येक दुखण्यावर मीठ चालतं अशी बाजारातली समजूत आहे. मलावीचं पाणी क्षारयुक्त असलं तरी ते खारट नाही. त्यातला क्षार मुख्यतः बायकार्बोनेटचा. जुनेजाणते पाळणारे तर साध्या मिठाला ब्लोटच्या कारणांतच धरतात. इथे हवं होतं ते एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ते औषधाच्या दुकानात मिळतं, वीस लिटरला एक मोठा चमचा पुरतो, आणि त्याने आतडं मोकळं व्हायला आणि सूज उतरायला मदत होते.

उणे ११ तास : शनिवार, संध्याकाळी ६

बाबांचा एक जुना मित्र येतो. पंधरा वर्षं ट्रोफियस पाळणारा; टांगानिका सरोवरातला हा मासा ब्लोटच्या बाबतीत डेमासोनीहून नाजूक, तेव्हा मित्राने बरंच सोसलेलं आहे. तो काचेपाशी बसतो आणि पोटाकडे न बघता विचारतो, ‘‘शेवटचं खाल्लं कधी याने?’’

बाबांना सांगता येत नाही. मुलगी फोन उघडून व्हिडिओ एकेक करून मागे नेते. बुधवारवर मित्र थांबवतो.

‘‘हे बघ, इथे. इथे मला फोन करायचास रे.’’

पुढचे दोन तास कामाचे आहेत. ३० लिटरच्या टबमध्ये टँकचंच पाणी, एअर पंप, अर्धा दगड आडोशाला. मेट्रोनिडॅझोल घरात असतंच, कारण आमांशावर डॉक्टर हीच गोळी देतात. पण चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे, आणि उरलेल्या गोळ्यांतून माशांचा दवाखाना चालवायची सवय लागू नये. मात्रा साधारण ७ मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे ३० लिटरला २०० मिलिग्रॅमची एक गोळी. ही गोळी पाण्यात सहज विरघळत नाही. खलबत्त्यात बारीक कुटून, कपभर कोमट पाण्यात खूप ढवळून मग टाकायची. उजेडात औषध लवकर निकामी होतं, म्हणून टबावर टॉवेल. दीड मोठा चमचा एप्सम सॉल्ट. फिल्टर लावलाच, तर त्यातला कार्बन काढून टाकायचा, नाहीतर औषध तोच शोषून घेतो. दर चोवीस तासांनी थोडं पाणी बदलायचं आणि पुन्हा मात्रा द्यायची, असं पाच दिवस.

‘‘वाचेल का?’’ मुलगी विचारते.

मित्र खरं सांगतो. खाणं बंद होऊन दोन दिवस झाले आणि पोट फुगलं, तर फारच थोडे वाचतात. हे औषध आता फक्त पाण्यातून आत जाणार, आणि जिथे ते हवं त्या आतड्यापर्यंत पुरेसं पोचणार नाही.

उणे ५ तास : शनिवार, मध्यरात्र

खवले उभे राहिलेत, डोळे बाहेर आलेत.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचं पाणी सतत झिरपत असतं, कारण बाहेरच्यापेक्षा त्याच्या रक्तात क्षार जास्त. मूत्रपिंडं ते अखंड उपसतात. ती बंद पडली की पाणी पोटाच्या पोकळीत साचतं, मग डोळ्यांमागे, मग प्रत्येक खवल्याखालच्या कप्प्यात, आणि खवला उचलला जातो. हे चित्र दिसल्यावर मी औषध थांबवावं अशा मताचा आहे. लवंग तेल कोमट पाण्यात हलवून दुधाळ केलं आणि छोट्या भांड्यात पुरेशा प्रमाणात घातलं, तर मासा आधी बधिर होतो आणि झोपेतच जातो. त्यातलं युजेनॉल माशांची भूल म्हणून वापरात आहे. मित्र तसं सुचवतो. बाबांना धीर होत नाही.

शून्य : रविवार, पहाटे ५

खाचवाला टबाच्या तळाशी. कल्ले थांबलेले.

अधिक ३ तास : रविवार, सकाळी ८

मित्र पुन्हा आलाय. त्याला आता मेलेल्यात रस नाही, उरलेले अकरा कसे आहेत ते बघायचंय. तो चिमूटभर स्पिरुलिना फ्लेक टाकतो आणि कोण येत नाही ते मोजतो. दोघे येत नाहीत.

ब्लोट खरूजेसारखा एकाकडून दुसऱ्याकडे धावत जातो असं नाही, पण अकराही मासे तेच खात होते, त्याच पाण्यात होते आणि त्याच गुंडांचा मार खात होते. ऑरॅटस बादलीत काढले जातात. दगड परत आत येतात, आधीपेक्षा उंच रचून. मिठाचं पाणी जावं म्हणून चाळीस टक्के पाणी बदललं जातं. मग टँकभर मेट्रोनिडॅझोल, ४०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. दिवे बंद.

जे खातायत त्यांच्यासाठी स्वयंपाकघरात औषधी खाणं शिजतं. उकडलेला पालक, सालं काढलेले मटार आणि स्पिरुलिना पावडर वाटून, चायना ग्रासमध्ये घोटून, कोमट झाल्यावर त्यात कुटलेली गोळी. प्रमाण वीस ग्रॅम खाण्याला २०० मिलिग्रॅम. ताटलीत थापून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि रोज सुरीने बारीक कापून घालायचं. आई विचारते, हे औषध नसताना असंच करून घातलं तर? मित्र म्हणतो, ‘‘वहिनी, तेच घाला. मग मला बोलवायची वेळ येणार नाही.’’ दर महिन्याला खबरदारी म्हणून औषध टाकावं का, या बाबांच्या प्रश्नाला मात्र तो जोरात नाही म्हणतो. तशाने औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे तयार होतात.

अधिक १२३ तास : शुक्रवार, सकाळी ८

पाच मात्रा पूर्ण झाल्यात. अमोनिया शून्यावर आलाय, कारण मित्राने आपल्या टँकमधला वापरलेला, काळपट स्पंज आणून यांच्या फिल्टरमध्ये बसवला होता. न खाणाऱ्या दोघांपैकी एकाने बुधवारपासून दगड खरवडायला सुरुवात केली आहे, आणि त्याच्या मागे आता हिरवट विष्ठा दिसते.

दुसरी अजूनही खात नाही. मुलगी टॉर्च घेऊन काचेला नाक लावते. हनुवटी खाली आलेली आहे, गळ्याखाली पिशवी आहे, आणि ती चूळ भरतेय.